दुकानाच्या पाटीवर जाड, गोलाकार फॉन्ट: हवा की नको?

पाटीकर, सांगली
मारुती रोड असो की विश्रामबाग, दुकानाच्या नावासाठी जाड, गोल टोकांचा फॉन्टच हवा असं माझं ठाम मत आहे. मुंबईच्या ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मोदक’ आणि ‘बलू २’ दोन्ही मोफत आहेत, धंद्याच्या कामालाही चालतात. रेषा जवळपास सगळीकडे सारख्या जाडीची, वळणं भरदार. (‘पॉपिन्स’ला लोक याच रांगेत बसवतात. तो भौमितिक आहे खरा, पण त्याची टोकं सपाट आहेत.) दुकान-आस्थापना कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. पण देवनागरीत वर वेलांटी-रफार, खाली उकार. पाटीची बरीच उंची त्यांतच जाते. उरलेल्या जागेत नाव उठून दिसायचं तर रेषेत वजन लागतंच.

जुळारी, सातारा
वजन हवं, मान्य. पण जाडी वाढली की आधी अक्षराच्या पोटातली पोकळी बुजते. तुमच्याकडचं भडंगच घ्या. ‘भ’ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. ती फट मिटली की रस्त्यावरून ‘मडंग’ वाचलं जातं. ‘धनश्री’ची ‘घनश्री’ होते, ‘थाळी’ची ‘याळी’. ‘मोदक’मध्ये तर पोकळी मुद्दामच केसाएवढ्या चिरेची ठेवली आहे. दोन फूट उंचीला ती देखणी दिसते, पण व्हिजिटिंग कार्डावर छापली की शाईने भरते.

त्यात कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये जाडी वाढवायची सवय. ५ पॉइंटची आउटलाइन (कडेची रेघ) दिली की प्रत्येक कडेला अडीच पॉइंट बाहेर येतात, म्हणजे पोकळी एकूण ५ पॉइंटने आक्रसते. आउटलाइन फिलच्या (अक्षराच्या आतल्या रंगाच्या) मागे टाकूनही उपयोग नाही, कारण पोकळी फिलच्या बाहेरच असते.

राऊटर, मिरज
आउटलाइनबद्दल शंभर टक्के बरोबर, जाड वजन फॉन्टमध्येच असेल तर तेच घ्यावं. पण उजेडाची अक्षरं (आतून एलईडी लावलेले अक्षराच्या आकाराचे डबे) करणाऱ्याला विचाराल तर गोलाकार फॉन्टला तोड नाही. राऊटर मशीनच्या ३ मिमीच्या बिटने (कापायच्या पात्याने) आतला कोपरा कापला की तिथे दीड मिमी त्रिज्येची गोलाई येतेच. टोकदार फॉन्टमध्ये ती खटकते, गोलाकारात लपते. बारीक रेषेत एलईडी मॉड्यूल बसत नाही. रेषा किमान सव्वा-दीड इंच असली की वायरिंगला हात पोचतो. शिवाय शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध राहतो, भिंतीवर एकेक अक्षर ओळंब्यात धरत बसावं लागत नाही.

जुळारी, सातारा
दादा, तुमचाच हिशेब पुढे न्या. ३ मिमीच्या बिटने ३ मिमीपेक्षा अरुंद चीर कापता येत नाही. कापली तरी त्या चिरेच्या आत बाजूची पट्टी वाकवून कशी बसवणार? आणि शब्द एकसंध म्हणता, पण अक्रिलिकची शीट ८ बाय ४ फुटांची. दहा फुटांचं नाव असेल तर शिरोरेषा मधेच जोडावी लागते आणि रात्री त्या सांध्यातून उजेडाची रेघ दिसते.

राऊटर, मिरज
सांधा दोन शब्दांच्या मधल्या जागेवर आणायचा. एकच लांब शब्द असेल तर काना संपतो तिथे, आतून पट्टी चिकटवून. अरुंद चीर कापायचीच नाही. दर्शनी अक्रिलिक अखंड ठेवून त्यावर काळ्या व्हायनल स्टिकरने चीर दाखवायची, दिवसा-रात्री सारखीच दिसते. रात्री एलईडीचे ठिपके दिसत असतील तर दोष फॉन्टचा नाही, डब्याची खोली कमी पडली. मॉड्यूलमधलं अंतर खोलीपेक्षा जास्त ठेवू नका.

हायवेकर, कराड
दोघंही अंतर विसरताय. पाटीच्या धंद्यातला ठोकताळा असा, की दहा फुटांमागे एक इंच अक्षर ठळक वाचता येतं. साताऱ्याच्या राजपथावर ४० फुटांवरून बघणाऱ्याला ४ इंच पुरतात. पुणे-बंगळूर महामार्गावर २०० फुटांवरून वाचायचं तर २० इंच लागतात. तिथे ताशी ६० किमीची गाडी सेकंदाला ५५ फूट जाते, म्हणजे हातात जेमतेम साडेतीन सेकंद. एवढ्यात ‘मोदक’ची चीर कोण शोधणार? ‘बलू २’चं ७०० वजन (जाडीचा आकडा) घ्या, ८०० नको. लाल फ्लेक्सवर पांढरं अक्षर मागून उजळणार असेल तर ६००च. उजेड पसरतो, अक्षर आपोआप फुगतं.

पाटीकर, सांगली
महामार्गाला ६००-७००, पटलं. पण पेठेतल्या चार-पाच अक्षरी नावाला मी ‘मोदक’ सोडणार नाही. ‘कंदी पेढे’ लिहून बघा: दोन शब्द, एकही जोडाक्षर नाही, पाटी भरून जाते. पत्ता, फोन मात्र ‘मुक्ता’ फॉन्टमध्ये.

जुळारी, सातारा
‘कंदी पेढे’ ठीक. त्याच दुकानावर ‘श्रीकृष्ण मिष्टान्न भांडार’ असेल तर? ‘ष्ण’, ‘ष्ट’, ‘न्न’ ओळीने आले की नुसता गोळा. कुंचल्याने लिहिणारा पेंटर ‘ष्ट’पाशी रेषा बारीक करतो, शिरोरेषा कान्यापेक्षा थोडी हलकी ठेवतो, कारण सारख्या जाडीची आडवी रेष डोळ्याला उभीपेक्षा जाड दिसते. छापलेल्या गोलाकार अक्षरात ही सवलत पाटी करणाऱ्याच्या हातात उरत नाही. असं लांब नाव असेल तर पेंटरकडून कागदावर लिहून घ्या, स्कॅन करून ट्रेस करा आणि तीच फाइल मिरजेला राऊटरवर पाठवा.