पांढऱ्या ठिपक्याचे पैसे: महागडे ब्रँडेड पाइप खरंच त्या किमतीचे असतात का?

मंदाग्नी (धागाकर्ता)

तंबाखू ओढायच्या पाइपच्या शौकिनांत एक वाद कायम धुमसत असतो. डनहिलसारख्या बड्या नावाचा (स्टेमवर पांढरा ठिपका ही त्यांची खूण) पाइप साध्या पण नीट बनवलेल्या पाइपच्या दहापट पैसे मोजून घ्यावा का? माझं मत आधीच सांगतो, म्हणजे झोडपायला सोपं जाईल. एका मर्यादेपर्यंत पैसा कामाला लागतो. त्यापुढचा लाकडावरच्या रेषांना आणि नावाला जातो, धुराच्या वाट्याला काही येत नाही.

पाइपमध्ये असतं काय? तंबाखू जळायला बाऊल, धूर यायला भोक, दातात धरायला स्टेम. भोक बाऊलच्या अगदी तळाशी आणि बरोबर मधोमध उघडायला हवं. थोडं वर उघडलं की तळचा तंबाखू ओला राहतो आणि फेकावा लागतो. स्टेमचं टोक मानेत, म्हणजे बाऊलला जोडलेल्या लाकडी नळीत, पूर्ण टेकलं नाही तर मध्ये फट राहते, धुरातली वाफ तिथे थंड होऊन साचते आणि पाइप गुडगुडायला लागतो. दाताखालची कड पातळ हवी, नाहीतर जबडा भरून येतो. मधल्या किमतीचा कारखाना एवढं नीट करू शकतो. आणि ब्रायर, म्हणजे पाइपचं लाकूड, म्हणाल तर सगळ्यांचं एकाच झुडपाचं, भूमध्य समुद्राच्या काठच्या एरिका आर्बोरियाचं. डनहिलसाठी वेगळी झुडपं उगवत नाहीत.

करवत

साफ असहमत. झुडूप एकच, पण गाठ एकसारखी नसते. ब्रायर म्हणजे खोड आणि मुळं यांच्यामध्ये जमिनीत वाढणारी गाठ. तिच्या बाहेरच्या भागात रेषा सरळ आणि दाट येतात, आतल्या भागात सरमिसळ. बाहेरचे मोठे ठोकळे मुळातच कमी निघतात. गाठ खणल्यावर ओली ठेवावी लागते, मग कापून तासन्‌तास उकळतात, म्हणजे रस आणि कडवटपणा निघून जातो. नंतर महिनोन्‌महिने सावकाश वाळवण. घाई केली तर ठोकळा तडकतो.

खरी गंमत त्याच्या पुढे आहे. ठोकळा बाहेरून निर्दोष दिसतो. तुम्ही आकार देता, घासत जाता, आणि शेवटच्या बारीक पॉलिश पेपरखाली टाचणीच्या टोकाएवढा खड्डा उघडा पडतो. गाठ वाढताना आत खडा किंवा साल अडकलेली असते. स्वस्त कारखाना तिथे लांबी (पुट्टी) भरतो, वर गडद रंग आणि जाड वार्निश चढवतो. नाव जपणारा तो पाइप पहिल्या प्रतीतून बाहेर काढतो. गुळगुळीत, फिक्या रंगाचा, एकही डाग नसलेला पाइप हातात येतो तेव्हा त्याच्या मागे असे किती बाद झाले ते दिसत नाही. किंमत त्यांचीही असते.

काडीपेटी

म्हणजे यांनी बाद केलेल्या लाकडाचे पैसे आम्ही भरायचे. छान आहे.

करवत

@काडीपेटी, हो, तुम्हीच भरायचे. नको असेल तर लांबी भरलेला घ्या, तोही ओढता येतो. फक्त तापल्यावर त्या लांबीचा रंग बदलतो आणि ठिगळ दिसायला लागतं. मग इथे येऊन रडू नका.

मंदाग्नी

करवतराव, तुमचं सगळं मान्य केलं तरी माझाच मुद्दा पक्का होतो. बाहेरचा बारीक खड्डा चवीला कुठे आड येतो? बाऊलच्या आतल्या भिंतीत असेल तर वेगळी गोष्ट, तिथून लाकूड जळू शकतं. बाहेरचा केवळ डोळ्यांना खुपतो. डनहिललाही हे ठाऊक होतं. त्यांचा 'शेल' पाइप बघा, 1917 च्या सुमाराचा. अल्जीरियाचं मऊ ब्रायर घेऊन त्यावर वाळूचा मारा करायचा. मऊ भाग झडतो, कडक कडी उरतात आणि पृष्ठभाग खडबडीत, सुरकुतल्यासारखा दिसतो. किरकोळ खड्डेही त्या माऱ्यात जातात. गुळगुळीत पाइप म्हणून जो ठोकळा नापास झाला असता तो दिमाखात खपतो. मी याला फसवणूक म्हणत नाही, उलट ही अव्वल दर्जाची धंदेवाईक हुशारी आहे. पण मग 'बाद झालेल्यांची किंमत' हा हिशेब थोडा सैल होतो की नाही?

करवत

शेलमध्ये फक्त वाळूचा मारा नसतो. डनहिल बाऊल तेलात मुरवायचं आणि गरम करून ते तेल बाहेर काढायचं, बाहेर येईल तसं पुसत राहायचं. वेळखाऊ काम. जुने शेल ओढणारे त्या चवीबद्दल उगाच बोलत नाहीत.

मंदाग्नी

'जुने' हा शब्द तुम्हीच वापरलात, नोंद घेतली आहे.

जुनाबाजारी

मी वापरलेले पाइप घेतो आणि विकतो, म्हणून माझं मत थोडं धंद्याचं आहे. धागाकर्त्याने परतीची किंमत धरलेलीच नाही. मधल्या किमतीचा पाइप एकदा पेटवला की त्याचे पैसे पाण्यात. पांढऱ्या ठिपक्याचा पाइप नीट ठेवला असेल तर बरीचशी रक्कम परत येते. शिवाय डनहिलच्या शिक्क्यातल्या अंकांवरून तो कुठल्या वर्षीचा ते काढता येतं, त्यामुळे जमवणाऱ्यांना चटक लागते. शिक्का मात्र शाबूत हवा. कोणी मानेवरून जोरात बफ (पॉलिशचं चाक) फिरवून तो पुसट केला असेल तर भाव धाडकन पडतो. घेताना मी सगळ्यात आधी तेच बघतो, बाऊल नंतर.

पाथरवट

@जुनाबाजारी, तुमच्या या एका वाक्याने धाग्याचं उत्तर दिलं. शिक्का आधी, बाऊल नंतर!

जोएल सासिएनी हे नाव तुम्हाला माहीत असणारच. शॅरटन या पाइप कंपनीत काम शिकलेला कारागीर, तिथून डनहिलकडे आला. 1919 मध्ये बाहेर पडून स्वतःच्या नावाने पाइप काढले. पुढे त्यांच्या स्टेमवर चार फिके निळे ठिपके आले. हात तेच, शिस्त तीच, ठिपक्याचा रंग बदलला. त्या सुमाराला डनहिलचे पैसे मोजणारा नेमकं काय जास्तीचं घेत होता, हे कोणीतरी मला सांगा.

माझं म्हणणं धागाकर्त्यापेक्षा वेगळं आहे. तुम्ही सगळे महाग पाइप एकाच टोपलीत टाकताय. एक म्हणजे फॅशनच्या दुनियेतलं नाव. ते स्वतः पाइप बनवत नाहीत, दुसऱ्या कारखान्यातून करून घेतात आणि आपलं नाव छापतात. तिथे शुद्ध नावाचे पैसे, वाद संपला. दुसरा एकटा बसून पाइप करणारा कारागीर. कारखान्यात साधारणपणे बाऊलची पोकळी आणि बाहेरचा गोल यंत्रावर आधी ठरतो, लाकडातली रेषा जाईल तिकडे जाते. कोपनहेगनच्या सिक्स्टन इव्हार्सन यांनी हा क्रम उलटा केला: आधी रेषा बघून आकार द्यायचा, भोकं नंतर. डेन्मार्कचे पाइप आज जसे ओळखले जातात ते या पद्धतीमुळे. आकार देऊन झाल्यावर भोक पाडताना गिरमिट केसभर सरकलं तर सगळी मेहनत मातीत. स्वीडनचे बो नॉर्ड असे पाइप करत. त्यांच्या किमती ऐकून घाम फुटतो, पण तिथे एका माणसाचे दिवस मोजलेले असतात. मी त्याला महाग म्हणणार नाही.

मंदाग्नी

पाथरवट, तो पाइप मी कपाटात ठेवून रोज बघेन, आनंदाने. पण धूर? डोळे बांधून तीन पाइप ओढायला दिले तर ओळखाल?

पाथरवट

लाकडावरून नाही. स्टेमवरून मात्र नक्की. हाताने घडवलेलं एबोनाइट दातात धरल्यावर मऊ लागतं, कड पातळ असते, जिभेला टोचत नाही. साच्यातून काढलेलं स्टेम धराल तर फरक लगेच कळतो. 'धुराला काही मिळत नाही' म्हणताना तुम्ही तोंडाला विसरलात.

काडीपेटी

तेच एबोनाइट उन्हात ठेवलं की हिरवट-पिवळं पडतं आणि गंधकाची चव येते, हेही सांगा ना. रबरात गंधक घालून केलेलं असतं ते. आमच्या ॲक्रिलिकला असली नाटकं नाहीत.

पाथरवट

ॲक्रिलिक कडक. दात तुमचे आहेत.

गुडगुडी

इतका वेळ वाचतोय, मक्याच्या बुरकुंडाच्या (दाणे काढलेल्या कणसाच्या) पाइपचं नाव एकानेही काढलं नाही. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. तिथली मिसूरी मीरशॉम कंपनी 1869 पासून हेच करते. जाड बुरकुंडाचा मका, तो वाळवून पोखरायचा, आत नळी बसवायची. मुरवायला वेळ लागत नाही, पहिल्याच दिवशी गोड चालतो. जळून गेला तर दुसरा घ्यायचा, दुःख नाही. अमेरिकेच्या जनरल मॅकआर्थरच्या तोंडात असायचा तो याच जातीचा, तेव्हा ऐट कमी पडते असंही म्हणू नका. तंबाखू किती कोरडा, भरताना किती दाबला, किती सावकाश ओढला यावर चव ठरते. घाईने ओढणाऱ्याची जीभ सासिएनीतही भाजते.

करवत

बुरकुंडाचा कोरडा धूर मलाही आवडतो. पण तो टिकत नाही. ब्रायर नीट वापरलं तर मालकापेक्षा जास्त जगतं.

चष्मेबद्दूर

'मालकापेक्षा जास्त जगतं' हे तुम्ही स्वतः लिहिलंत म्हणून बोलते. पाइपच्या धुराने तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कर्करोग होतो, धूर आत न घेतला तरी तोंड सुटत नाही. भोक मधोमध असण्याने त्यात तसूभर फरक पडत नाही. किंमत मोजायला बसलाच आहात तर तीही मोजा.

मंदाग्नी

ताई, याला उत्तर नाही आणि मी ते शोधणारही नाही. पाइप ही चांगली सवय आहे असं माझं म्हणणं कुठेच नाही. वाद फक्त लाकडाच्या दामाचा आहे.

आता करवतरावांसाठी शेवटचा पत्ता टाकतो. डनहिलनेच 1922 मध्ये पार्कर नावाची कंपनी काढली, आपल्या कसोटीला न उतरलेले पाइप विकायला. ठोकळा त्यांचा, हात त्यांचे, ठिपका तेवढा नाही. आणि किंमत कमी! म्हणजे फरकाची रक्कम कशाची होती हे खुद्द डनहिलनेच दुकानात मांडून दाखवलं.

करवत

उलट दाखवलं. नापास माल त्यांनी ठिपका लावून विकला नाही, हीच तर ठिपक्याची किंमत. तुम्ही पार्कर घेताना प्रत्येक पाइप स्वतः तपासायचा, डनहिल घेताना ते काम कोणीतरी तुमच्यासाठी करून ठेवलेलं असतं. ज्याला तपासता येतं त्याने पैसे वाचवावेत. किती जणांना येतं?

काडीपेटी

मला येत नाही. जुना पार्कर मिळतोय, घेऊ का? बघायचं काय ते सांगा, भांडण नंतर करा.

करवत

स्टेम लावलेलं असताना पाइप क्लिनर (पाइप साफ करायची तार) आत सरकव. न अडकता बाऊलच्या तळाशी, मधोमध निघाला पाहिजे. वाकड्या पाइपमध्ये सहसा मानेजवळ अडतो. मग स्टेम काढून मानेत टॉर्च मार, भोक एका बाजूला गेलेलं दिसलं तर ठेवून दे. बाऊलच्या आत काळा थर नाण्याच्या जाडीचा असेल तर हरकत नाही, त्याहून जाड असेल तर तो खरवडल्याशिवाय भिंतीची चीर दिसणार नाही, विकणाऱ्यालाच खरवडायला सांग. नाही म्हणाला तर घेऊ नकोस.

जुनाबाजारी

आणि शिक्क्याचा फोटो टाक इथे.