सुपरवाइज्ड रिलीजवर असलेले ज्येष्ठ लेखक: ३० तासांची अट, प्रवास आणि मानधन

रॅरिटनकाठ (प्रश्न)

नात्यातले एक काका, वय 72, अमेरिकन नागरिक. मराठीत सदरं लिहितात, अनुवाद करतात. आर्थिक गुन्ह्यातली फेडरल शिक्षा भोगून न्यू जर्सीत घरी आलेत, आता 3 वर्षं सुपरवाइज्ड रिलीज, म्हणजे सुटकेनंतर प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीखाली अटी पाळून राहणं. गुन्ह्यात नुकसान झालेल्यांना द्यायची भरपाईची रक्कम बाकी आहे. कागदावर आठवड्याला किमान 30 तास काम हवं असं लिहिलंय. घरी बसून लिहिणं काम म्हणून धरतात का? न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये साहित्यिक कार्यक्रम असला तर जाता येईल? पुण्याच्या प्रकाशकाकडून मानधन येतं, त्याचं काय? तुरुंगातल्या दिवसांवर पुस्तकही लिहायचंय. वकील आहेत, पण प्रत्येक फोनचं बिल लागतं, म्हणून आधी इथे विचारतोय.

दप्तरी

आधी जजमेंटची (न्यायालयाच्या निकालपत्राची) प्रत काढा, एओ 245बी हा नमुना. त्यात सरसकट सगळ्यांना लागू असलेल्या अटी वेगळ्या आणि खास काकांसाठी घातलेल्या अटी वेगळ्या असतात. काकांचा दिवस कसा जाणार हे या खास अटींवर ठरतं: संगणकावर देखरेख, नवं कर्ज वा क्रेडिट कार्ड घ्यायला मनाई, आर्थिक माहिती देणं, एखादा धंदा करायला बंदी. संगणकाचा उल्लेखच नसेल तर कुणीतरी घाबरवलं म्हणून लॅपटॉप कपाटात टाकू नका.

30 तासांच्या अटीतच 'ऑफिसरने सूट दिली नसेल तर' असं कलम आहे. या वयात सूट मागणं रास्त आहे. डॉक्टरांचं पत्र आणि सोशल सिक्युरिटीचं (सरकारी निवृत्तिवेतनाचं) पत्र जोडून ईमेलने मागा. तोंडी 'चालेल' म्हणाले तरी त्याच दिवशी 'आपण असं म्हणालात' अशी दोन ओळींची मेल टाका. ऑफिसर बदलतात आणि नव्या माणसाला जुनं बोलणं माहीत नसतं.

सूट मिळाली तरी लिखाण स्वयंरोजगार म्हणून दाखवायचंच, कारण पैसे येणार आहेत. उत्पन्न नाही म्हणून फारसं बिघडत नाही, न सांगितलेलं उत्पन्न सापडलं की बिघडतं. साधी वही घाला: तारीख, किती ते किती वाजेपर्यंत, कोणता मजकूर, कुणाला पाठवला, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवा. मराठीत मानधन सहा-सहा महिने येत नाही, मग ऑफिसरला द्यायच्या मासिक अहवालात तास भरपूर आणि उत्पन्न शून्य दिसतं. अशा वेळी संपादकाची 'मजकूर मिळाला, अमुक अंकात घेतो' ही मेल कामी येते. तिच्याखाली इंग्रजीत एका ओळीचा सारांश लिहा, ऑफिसरला देवनागरी कुठून वाचता येणार!

वर्षाचं निव्वळ उत्पन्न 400 डॉलरवर गेलं की 15.3 टक्के स्वयंरोजगार कर लागतो. आगाऊ हप्ते भरावे लागले तर ते साधारण 15 एप्रिल, 15 जून, 15 सप्टेंबर आणि 15 जानेवारीला. भरपाई बाकी असताना कर थकवणं म्हणजे आ बैल मुझे मार.

हडसनपार

प्रवासाला हद्द जिल्ह्याची असते, आणि जिल्हा म्हणजे फेडरल न्यायालयाचा. अख्खं न्यू जर्सी एकच जिल्हा, म्हणून कॅम्डेनपासून ससेक्सपर्यंत खुशाल फिरा. पण मॅनहॅटन न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्यात, क्वीन्स आणि ब्रुकलिन पूर्व जिल्ह्यात, फिलाडेल्फिया पेनसिल्व्हेनियाच्या पूर्व जिल्ह्यात. जर्सी सिटीहून पाथ रेल्वेने एक स्टेशन पलीकडे गेलं तरी परवानगीशिवाय तो अटीचा भंगच.

दोनेक आठवडे आधी मेल करा: तारीख, पत्ता, कशाने जाणार, सोबत कोण, परत किती वाजता, कार्यक्रमाची पत्रिका. मॅनहॅटनमध्ये डॉक्टर असतील तर दर वेळी न मागता कायमची परवानगी मागा.

भारतवारीचं अवघड आहे. भरपाई बाकी असताना तिकिटाचे पैसे कुठून आले हा पहिला प्रश्न येतो. मुलाने काढलं असेल तर त्याचं पत्र आणि पावती तयार ठेवा. पुस्तक प्रकाशन तूर्त झूमवर उरका.

पानपूरक

पुस्तक लिहायला सहसा परवानगी लागत नाही. गुन्हेगाराच्या लिखाणातून आलेले पैसे अडवून ठेवणारा न्यूयॉर्कचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच रद्द केला. अडचण येते ती माहिती गोळा करताना. ज्याला गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे अशा माणसाशी परवानगीशिवाय संपर्क ठेवता येत नाही, म्हणजे बराकीतल्या जुन्या सोबत्याला 'तो प्रसंग कुठल्या साली घडला रे?' असा व्हॉट्सअॅपही नाही. नाव आणि कारण देऊन आधी विचारा.

प्रकाशकाकडून आगाऊ रक्कम मिळाली तर आर्थिक स्थितीतला बदल म्हणून ती न्यायालयाला आणि सरकारी वकिलांना कळवावी लागते, भरपाईचा हप्ता वाढूही शकतो. मानधन बायकोच्या नावावर घ्या असा शहाणपणा कुणी शिकवेल. तो ऐकू नका, नवा गुन्हा लागेल.

पुण्याहून येणाऱ्या रॉयल्टीवर भारत-अमेरिका करकरारानुसार 15 टक्के कर कापला जातो, पण त्यासाठी आयआरएसचा (अमेरिकी करखात्याचा) 6166 हा रहिवासी दाखला लागतो. तो 8802 नमुन्यावर मागवायचा. नाहीतर 20 टक्के आणि वर उपकर. भारतातल्या खात्यांत मिळून वर्षात कधीही 10,000 डॉलरवर शिल्लक गेली तर एफबार (परदेशी खात्यांचं विवरणपत्र) भरायचा. भावाबरोबरचं सदाशिव पेठेतलं जुनं जॉइंट खातं यात हमखास राहून जातं, आणि ऑफिसरला द्यायच्या आर्थिक तक्त्यातही.

जिरेमिरे

खाण्यापिण्याचं कुणी बोललं नाही. सुटकेनंतर 15 दिवसांत अमली पदार्थांसाठी एक लघवीची चाचणी आणि पुढे किमान दोन, न्यायाधीशांनी माफ केली नसेल तर. दिवाळीचे अनारसे बिनखसखशीचे करा, खसखशीने अफूजन्य पदार्थांची चाचणी सकारात्मक येऊ शकते. कोडीनचं खोकल्याचं औषध चिठ्ठीशिवाय नको. न्यू जर्सीत गांजा कायदेशीर असला तरी फेडरल अटींत नाही, तेव्हा होळीची भांगही वर्ज्य. प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधीच डॉक्टरांचं पत्र द्या. नमुना यावा म्हणून लोक तांब्या-तांब्या पाणी पितात, मग तो पातळ निघतो आणि पुन्हा बोलावणं येतं.

रॅरिटनकाठ

खूप आभार. अनारसे आमच्या डोक्यातच नव्हते. ऑफिसर घरी येतात तेव्हा हस्तलिखितं वाचतात का? आणि 3 वर्षं पूर्णच काढावी लागतात?

दप्तरी

घरी कधीही येऊ शकतात. उघड्यावर मनाई असलेली वस्तू दिसली तर उचलतात. कपाटं उघडून झडती घ्यायची तर सहसा तशी खास अट आणि वाजवी संशय लागतो. हस्तलिखितांपेक्षा मोठी काळजी वेगळी: घरात कुणाची परवान्याची बंदूक असेल तर आजच बाहेर काढा. रस्त्यात पोलिसांनी थांबवून चौकशी केली तर 72 तासांत कळवायचं.

एक वर्ष झालं की मुदतीआधी सोडवण्याचा अर्ज न्यायाधीशांकडे करता येतो. भरपाई पूर्ण फिटलेली नसली तरी अर्ज चालतो, पण हप्ते चुकलेले नकोत. अर्जाआधी ऑफिसरला विचारा, त्यांचा विरोध नसेल तर तसं अर्जात लिहा. तासांची वही आणि हप्त्यांच्या पावत्या तारीखवार लावून जोडा.