वाफेच्या जुन्या मार्गालगत कलाप्रदर्शन : रुळापासून अंतर किती, कापड चालेल का?

खडीवरचा_रंग
762 मिमी गेजचा (दोन रुळांमधलं अंतर) वारसा मार्ग, वाफेचं इंजिन, गाडीचा वेग ताशी 20 किमी. चार महिन्यांच्या प्रदर्शनातली तीन कामं अडली आहेत.
एक, चढावरच्या कटिंगमध्ये (टेकडी कापून काढलेल्या वाटेत) खांबांवर ताणलेलं 3 × 2 मीटरचं पॉलिस्टर कापड. दोन, 100 मीटर त्रिज्येच्या वळणावर आतल्या अंगाला आरशासारखं चकचकीत स्टीलचं शिल्प. तीन, रुळापासून 4 मीटरवरच्या जुन्या दगडी भिंतीवर आठ ओळींची कविता, अक्षरं 200 मिमी.
डबा 12 मीटर लांब, दोन बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या) मध्यांमधलं अंतर 8 मीटर. कशाला किती जागा सोडायची?

मोजपट्टी
आधी वळण. सरळ मार्गावरचं माप तिथे चालत नाही. दोन बोगींच्या मधला डब्याचा भाग आत सरकतो: अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, म्हणजे 64 ÷ 800 = 80 मिमी. टोकं बाहेर जातात: (144 − 64) ÷ 800 = 100 मिमी. त्यात कँट, म्हणजे वळणावर बाहेरच्या रुळाला दिलेली जादा उंची, मिळवा. बाहेरचा रूळ 50 मिमी उंच असेल, तर 3 मीटर उंचीवर छत साधारण 195 मिमी आत झुकतं. शिल्प आतल्या अंगाला आहे, म्हणून 80 आणि 195 यांची बेरीज धरा. स्प्रिंगांचं डोलणं, रूळ थोडा सरकलेला असणं आणि खिडकीतून बाहेर आलेला हात हे सगळं त्याच्यावर.

कागदावरचं गणित पुरे नाही. सपाट वॅगनवर थर्माकोलच्या कडांची चौकट बांधा, तिची रुंदी-उंची सर्वांत मोठ्या डब्यापेक्षा प्रत्येक बाजूने 300 मिमी जास्त ठेवा आणि माणसाच्या चालीने पूर्ण मार्गावर फिरवा. वॅगनच्या बोगींमधलं अंतर डब्याएवढं नसेल, तर तो फरकही चौकटीत धरा. थर्माकोल जिथे घासेल तिथून काम हलवायचं. ही चाचणी मांडणीनंतर पुन्हा करा. खांब उभा करताना चार बोटं सरकतोच.

धुराडं
कापडाची जागा चुकली आहे. चढावर इंजिन जोर लावतं, भट्टीतला हवेचा ओढा वाढतो आणि ठिणग्या तिथेच सर्वांत जास्त उडतात. पॉलिस्टर वितळून चाळण होतं, खाली वाळलेलं गवत असेल तर पुढचं सांगायला नको. वाफेचं इंजिन एकाच दिशेने चालत असेल तर कापड उताराच्या टप्प्यात लावा. तसं नसेल तर काचतंतूंचं कापड घ्या आणि खांबांभोवतीचं गवत मुळासकट काढा.

वाऱ्याचा हिशेब बहुतेक जण टाळतात. ताशी 108 किमी वाऱ्याला दर चौरस मीटरवर सुमारे 550 न्यूटन दाब येतो. सहा चौरस मीटर आणि आकाराचा गुणक 1.2 धरला की जोर जवळपास 400 किलो. कापडाचा मध्य जमिनीपासून 2 मीटरवर आणि पायाचा काठ मध्यापासून 1 मीटरवर असेल, तर उलटू नये म्हणून 800 किलो वजन लागतं. दीडपट सुरक्षितता धरा, 1200 किलो. म्हणजे अर्धा घनमीटर काँक्रीट. ते भरावाच्या कडेवर ठेवू नका, आणि कटिंगमधलं गटार तर अडवूच नका. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी खडीखाली जाईल.

आरसा: पूर्ण घासून मॅट करा किंवा बहिर्वक्र ठेवा. सपाट चकाकी सूर्य थेट चालकाच्या डोळ्यांत फेकते, आणि तो कोन महिन्यागणिक बदलतो. सिग्नलचा रंगही त्यात दिसता कामा नये. शिवाय कोळशाच्या धुरातला गंधक आणि वाफ मिळून आम्ल बनतं, म्हणून 316 दर्जाचं स्टील आणि नियमित पुसणं. तेलकट काजळी कोरड्या फडक्याने घासली तर ओरखडे उठतात, आधी साबणाचं पाणी.

चालती_खिडकी
कवितेबद्दल कोणी बोललं नाही. ताशी 20 किमी म्हणजे सेकंदाला 5.6 मीटर. 4 मीटरवरची भिंत खिडकीतून नीट दिसते ती साधारण 8 मीटर रुंदीत, म्हणजे दीड सेकंदही नाही. तेवढ्यात तीन-चार शब्द. ओळी एकाखाली एक लिहिल्यात तर कुणीच वाचणार नाही. दर 20 मीटरला एक ओळ घ्या, साडेतीन सेकंद मिळतात, भिंत मात्र 160 मीटर लागेल.

दुसरी गोची दिशेची. गाडीच्या डाव्या खिडकीतून भिंत उजवीकडून डावीकडे सरकते आणि पहिला शब्द आधी येतो. उजव्या खिडकीतून शेवटचा शब्द आधी. परतीच्या गाडीत तीच भिंत दुसऱ्या बाजूला जाते, म्हणजे कविता उलटी. एका फलकावर एकच शब्द ठेवून दोन्हीकडून अर्थ लागेल अशी रचना करा, नाहीतर अक्षरं सोडाच. जर्मन चित्रकार कातारिना ग्रोसेंनी 2014 मध्ये फिलाडेल्फियाच्या रेल्वेमार्गालगत सात ठिकाणी नुसते मोठे रंगपट्टे दिले, गाडीतून बघायला तेच पुरतात. अमेरिकन कलाकार बिल ब्रँडचं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या भुयारी रेल्वेतलं 1980 चं काम याच्या उलट टोकाचं: 228 चित्रं फटींआड आणि धावती गाडी हाच प्रोजेक्टर, गाडीतून बघताना चित्रं हलतात. तुमच्या 20 च्या वेगाला ते जमणं कठीण, फटी फार जवळ घ्याव्या लागतील.

खडीवरचा_रंग
भिंतीत फलक बसवायला दगडात भोकं पाडावी लागतील ना?

मोजपट्टी
दगडात नाही, दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यात. चुन्याचा दर्जा असेल तो भरणीला तसाच वापरा. सिमेंट दगडापेक्षा कडक पडतं आणि ओल सांध्याऐवजी दगडातून बाहेर पडून पापुद्रे सुटतात. स्क्रू स्टेनलेसचेच, लोखंडी गंजला की फुगून सांधा फोडतो. भिंतीतली पाणी निघायची भोकं उघडी ठेवा. नट नायलॉन रिंगचे घ्या, साधे नट थरथरीने सैल होतात. पहिल्या आठवड्यात रोज तपासा, पुढे आठवड्याला एकदा.

आणि रुळांना विजेचा ट्रॅक सर्किट (रुळांतल्या विजेवरून गाडी ओळखणारी यंत्रणा) जोडलेला असेल, तर मांडणीच्या दिवशी लोखंडी शिडी दोन्ही रुळांवर आडवी टाकू नका. सिग्नलला वाटेल गाडी उभी आहे.