मदत हवी आहे: ब्रेझा, नेक्सॉन की थ्री-एक्स-ओ? टेस्ट ड्राइव्हला नेमकं काय बघू?

राम राम मंडळी. मी रावेरकडचा. जुनी हॅचबॅक काढून छोटी एसयूव्ही घ्यायची आहे. रोजचं जळगाव, मधूनमधून केळीच्या बागेतला कच्चा रस्ता, आणि सासुरवाडी कन्नडला, म्हणजे चाळीसगावचा घाट आलाच.

ब्रेझाचं दीड लिटरचं चार सिलिंडर इंजिन शांत वाटलं, पण तिच्यात डिझेल मिळत नाही. नेक्सॉन आणि थ्री-एक्स-ओत मिळतं. पेट्रोलला मात्र दोन्हीकडे 1.2 लिटरचं तीन सिलिंडर टर्बो. अडचण अशी, की शोरूमवाले सपाट हायवेवर एक फेरी मारून आणतात, तीही सकाळच्या गारव्यात. पाच माणसं बसवून, एसी लावून घाटात गाडी दम टाकते का, हे कळणार कसं? मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, मागे बसलेल्या आईपर्यंत गार हवा पोचायला हवी. (सनरूफचं मला कौतुक नाही. या उन्हात ते उघडणार कोण?)

घाटात किंवा भर दुपारी टेस्ट ड्राइव्ह मागितली तर देतात का? यांपैकी एखादी भरल्या गाडीने कन्नड घाट चढवली असेल, त्या भाऊंनी जरूर सांगा. आणि वर्षाला पंधरा हजार किलोमीटरवर डिझेलचे जास्तीचे पैसे निघतात का?