रिपोर्ट नॉर्मल, त्रास चालूच: वहीत नेमकं काय लिहायला सांगावं?

कर्वेरोडकर: ईसीजी, थायरॉइड, बी-12 सगळं नॉर्मल, तरी धडधड, मुंग्या, पोटात गोळा. समुपदेशनाला येणाऱ्या अशा लोकांना भावनांची वही ठेवायला सांगतो. आठवड्यात वही लक्षणांनी भरते, त्रास वाढतो, आणि 'काय वाटलं?' या रकान्यात दरवेळी 'ठीक'. चुकतंय कुठे?

पेठेतला_पाणउतारा: दिवसभर लिहायला लावलं की दिवसभर पहारा सुरू होतो. दोनदाच लिहा, 5-5 मिनिटं. अंथरुणात तर नाहीच. एक ओळ अशी हवी: 'सकाळी 9.10, स्वारगेट, पीएमपी बसमध्ये उभी. आधी साहेबांचा फोन. धडधड 10 पैकी 6. राग. उतरून रिक्षा केली.' खरी माहिती शेवटच्या तुकड्यात असते. उतरणं, नाडी चाचपणं, गूगल करणं, पुन्हा ईसीजी काढणं यांनी तासभर हायसं वाटतं, मग शंका परत हजर.

'ठीक' म्हणजे टाळाटाळच असं समजू नका. काहींना भावना ओळखताच येत नाही. याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. त्यांना मनाचं विचारू नका, शरीरापासून सुरुवात करा. मराठीत सोय आहेच: घसा दाटला, हातपाय गळले, की तळपायाची आग मस्तकात गेली? मग पुठ्ठ्यावर सात शब्द चिकटवा: राग, भीती, लाज, दुःख, अपराधीपणा, कंटाळा, हेवा. त्यातला एक निवडायचा. दोन निवडले तरी चालतील.

सिंहगड_पायथा: मुंग्यांवर कोणी 'खोल श्वास घ्या' सांगितलंय का? तसं असेल तर आधी ते थांबवा. भराभर खोल श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि त्यानेच मुंग्या, चक्कर येते. नाकाने हलकेच 4 अंक मोजत श्वास घ्या, 6 अंक मोजत सोडा. 5 मिनिटं, तेही त्रास नसताना. ऐन धडधडीत पहिल्यांदा करून पाहिलं तर फसतं, आणि मग 'हे काही उपयोगाचं नाही' म्हणून सोडून देतात.

ओपीडीची_पायरी: घरच्यांना 'मनाचे खेळ' म्हणू देऊ नका, दुखणं खरंच असतं. डीएसएम-5 ने (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकी नियमावली) 2013 मध्ये अशा शारीरिक त्रासाच्या निदानातून 'कारण सापडत नाही' ही अटच काढली. आता लक्षणाभोवतीचे विचार, भावना, वागणं बघतात. मात्र वजन घटणं, ताप, शौचातून रक्त, हातपाय लुळे पडणं, चढताना छातीत दुखणं असं काही असेल तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टर. रात्री-अपरात्री बोलायला टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416; मराठीत बोलता येतं.

कर्वेरोडकर: यादीत 'हेवा' ठेवायचाच?

पेठेतला_पाणउतारा: ठेवा. तो लिहायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.