प्रकटीकरण शब्दशः वाचायचं की प्रतीक म्हणून? घरच्या सभेसाठी मदत हवी आहे

जाणकार मंडळी, सलाम. विषय ख्रिस्ती शास्त्राचा आहे, पण इथे सगळ्याच धर्मांचे वाचणारे आहेत, म्हणून थोडी पार्श्वभूमी देते. प्रकटीकरण म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, योहानाने पाहिलेल्या दर्शनांचं.

आम्ही पुण्यात घोरपडीत राहतो. शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थनासभा असते. गीतं, शास्त्रवाचन, थोडं मनन आणि मग चहा. पंधरावीस माणसं येतात. निम्मी आमच्यासारखी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, बाकीची नव्या फेलोशिपमधली, आणि शेजारचं एक कॅथलिक जोडपं. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, तोंडावर आला आहे. पाळकसाहेब म्हणाले, यंदा प्रकटीकरण घ्या आणि मनन तुम्हीच करा. मी संडे स्कूल घेते, त्यामुळे मला सगळं येतं असा त्यांचा समज आहे.

अडचण अशी की घरातच दोन तट पडले आहेत. माझे मामा रेल्वेतून निवृत्त झाले. त्यांचं म्हणणं, देवाने लिहिलं ते तसंच घडणार. मंडळी (म्हणजे ख्रिस्ताचे विश्वासणारे) आधी वर स्वर्गात उचलली जाणार, मग सात वर्षांचं महासंकट, ख्रिस्तविरोधक, हर्मगिदोनची शेवटची लढाई, त्यानंतर ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य. त्यांनी याचा फ्लेक्स छापून आणलाय आणि आमच्या हॉलमध्ये कॅलेंडरच्या खिळ्यालाच टांगलाय. डावीकडे एदेन बाग, उजवीकडे नवं यरुशलेम, मध्ये सात रंगांचे पट्टे आणि शेवटच्या पट्ट्याच्या काठावर लाल बाण : 'आपण इथे आहोत'. धाकटे दीर इंजिनियरिंग कॉलेजात शिकवतात. ते म्हणतात, हे सगळं रोमी साम्राज्याबद्दलचं सांकेतिक लिखाण आहे, पहिल्या शतकात विषय संपला. मागच्या सभेत दोघांचे आवाज इतके चढले की कॅथलिक काकूंनी मध्येच 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना सुरू केली, तेव्हा कुठे गप्प बसले.

माझ्या आठवीतल्या मुलाने रात्री विचारलं, आपण सगळे वर गेलो तर मोतीला जेवायला कोण घालणार? मोती म्हणजे आमचा कुत्रा. प्रश्नावर हसू आलं, पण पोरगं खरंच घाबरलं होतं.

मी जमेल तेवढं वाचलं. वादाची मुख्य जागा म्हणजे प्रकटीकरणाचा २० वा अध्याय, त्यातली हजार वर्षं. ख्रिस्त आधी येणार आणि मग हजार वर्षं राज्य करणार, हा एक पक्ष. सुवार्तेने जग हळूहळू बदलेल, तो काळ म्हणजे ती हजार वर्षं, आणि ख्रिस्त त्यानंतर येईल, हा दुसरा. हजार हा आकडा पूर्णत्वाचा, ते राज्य आत्ताच चालू आहे, हा तिसरा. ऑगस्टीनने पाचव्या शतकात हा तिसरा अर्थ मांडला आणि पश्चिमेकडच्या मंडळीत तोच रुजला. कॅथलिक शिकवणीत तर पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्याची कल्पना सरळ नाकारली आहे. आपण दर रविवारी जो प्रेषितांचा मतांगीकार (विश्वासाची कबुली) म्हणतो, त्यात ख्रिस्त जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला येणार एवढंच आहे. हजार वर्षांचं नाव नाही.

मामांच्या फ्लेक्सची वंशावळही सापडली. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या प्लिमथ ब्रदरन पंथाच्या पुढाऱ्याने ही मांडणी केली, आणि १९०९ साली निघालेल्या स्कोफील्डच्या टीपांसहित बायबलने ती जगभर नेली. हे मामांना सांगितलं तर ते म्हणाले, 'डार्बीने थेस्सलनीकाकरांस पत्र लिहिलं का गं?' यावर मला उत्तर सुचलं नाही. पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात ४:१७ मध्ये मेघारूढ होऊन प्रभूला भेटण्याची गोष्ट आहेच.

दोघांनाही मी एक विचारलं. मामांना म्हटलं, नवव्या अध्यायातले टोळ तुम्ही हेलिकॉप्टर सांगता. मग तुम्ही तरी शब्दशः कुठे वाचताय? टोळ लिहिलं आहे तर टोळच धरा. दिरांना म्हटलं, सगळं प्रतीक असेल तर येशूचं पुन्हा येणंही प्रतीकच का? मग आपण दर रविवारी कशाची वाट पाहतोय? दोघंही माझ्यावर चिडले, बाकी काही झालं नाही.

म्हणजे प्रत्येक जण काही शब्दशः घेतो, काही प्रतीक धरतो. सोयीप्रमाणे नव्हे तर कशाच्या आधारावर ठरवायचं, एवढंच मला हवंय. कोण बरोबर याचा निकाल नको. शिवाय आगमनकाळात चारच शुक्रवार मिळतात, बावीस अध्याय होणार नाहीत. कुठले घेऊ? आणि व्हॉट्सॅपवरचं आधार कार्ड, क्यूआर कोड, लस यांना श्वापदाची खूण (१३ व्या अध्यायातली, हातावर किंवा कपाळावर घ्यायची) म्हणणारं जे येतं, त्याला मामांचा अपमान न करता काय उत्तर द्यावं?

पहिला प्रतिसाद

ताई, मी मामांच्या बाजूचा, पण फ्लेक्सवाला नाही. आमची बाजू नेहमी हसण्यावारी नेली जाते, म्हणून लिहितो.

मशीहा बेथलेहेमात जन्मेल हे मीखा संदेष्ट्याने लिहिलं, तो गाढवावर बसून येईल हे जखऱ्या संदेष्ट्याने. दोन्ही गोष्टी लिहिल्या तशाच झाल्या. गाढव म्हणजे नम्रता एवढाच अर्थ काढून कुणी थांबलं नाही. पहिल्या येण्याची भाकितं अशी पुरी झाली, तर दुसऱ्या येण्याची तेवढी हवेत का विरघळवायची? दुसरं, २० व्या अध्यायात काही जण 'जिवंत झाले' असं ४ थ्या ओवीत आहे आणि बाकीचे हजार वर्षांनंतर 'जिवंत झाले' असं पुढच्याच ओवीत. एक आत्मिक आणि दुसरं देहाचं, हे कशावरून? आणि हजार वर्षांचं राज्य डार्बीने काढलेलं नाही. पापियास, जस्टिन, इरेनियस हे दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती लेखक तसंच मानत होते. नवं काय असेल तर मंडळी आधी गुपचूप उचलली जाणार आणि ख्रिस्त नंतर उघडपणे येणार, हे दोन टप्पे.

ख्रिस्ताच्या येण्याच्या तारखा काढणाऱ्यांशी मात्र आम्हाला जोडू नका. अमेरिकेतल्या मिलर या उपदेशकाचे अनुयायी २२ ऑक्टोबर १८४४ ला वाट पाहत बसले, तिथल्याच कॅम्पिंगने २१ मे २०११ सांगितली. तो दिवस कुणालाच ठाऊक नाही, हे मत्तय २४:३६ शब्दशः वाचलं असतं तर दोघांचंही भागलं असतं.

दुसरा प्रतिसाद

वरच्या दादांचा 'जिवंत झाले'चा मुद्दा वजनदार आहे, त्याला माझ्याकडे झटपट उत्तर नाही. मी बिबवेवाडीच्या सेमिनरीत शिकले आहे, आता पिंपरीत असते. सभेत जे उपयोगी पडतं तेवढं सांगते.

आधी पुस्तकाला विचारायचं. प्रकटीकरण काही चिन्हांचा अर्थ स्वतःच देतं. सात समया म्हणजे सात मंडळ्या, सात तारे म्हणजे त्यांचे दूत, हे १:२० मध्ये आहे. १७ व्या अध्यायात सात डोकी म्हणजे सात डोंगर, आणि ती स्त्री म्हणजे पृथ्वीच्या राजांवर सत्ता चालवणारं मोठं नगर. सात टेकड्यांचं शहर म्हटल्यावर त्या काळच्या माणसाला रोम सांगावं लागत नव्हतं. जिथे पुस्तक अर्थ देतं तिथे आपण दुसरा शोधायचा नाही.

मग जुना करार उघडायचा. ताई, तुमचे टोळ योएलकडून आले आहेत. सिंहासारखे दात योएल १:६ मध्ये, रथांसारखा आवाज २:५ मध्ये. योहानाने हेलिकॉप्टर पाहिलं आणि त्याला शब्द सापडेना, असं समजायचं कारण नाही. त्याला शब्द सापडले होते, योएलमध्ये. नवं यरुशलेम १२,००० स्तादी लांब, तेवढंच रुंद आणि तेवढंच उंच. म्हणजे सुमारे २,२०० किलोमीटर, पुणे-दिल्ली विमानाच्या अंतराच्या जवळजवळ दुप्पट, आणि तेवढीच उंची! मी एका सभेत हे फळ्यावर काढलं तर सगळे नुसते बघत राहिले. पण शलमोनाच्या मंदिरातलं परमपवित्रस्थान २० हात लांब, २० रुंद, २० उंच होतं (१ राजे ६:२०), हे ठाऊक असलं की आकड्यांचा रोख कळतो. जिथे वर्षातून एकदा एकटा मुख्य याजक शिरायचा, ती खोली आता आख्खं नगर झाली आहे.

श्वापदाच्या खुणेबद्दल. १३ वा अध्याय जिथे संपतो तिथे थांबू नका, १४:१ लगेच वाचा. कोकऱ्याबरोबरच्या (म्हणजे ख्रिस्ताबरोबरच्या) १,४४,००० लोकांच्या कपाळावरही नाव लिहिलेलं आहे, कोकऱ्याचं आणि त्याच्या पित्याचं. ती खूण चिप असेल तर हे नाव काय? तिथे कुणीच यंत्र शोधत नाही. हात आणि कपाळ हे जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं, ६:८ मधलं आहे, देवाच्या आज्ञा हाताला बांध आणि डोळ्यांच्या मध्ये लाव. प्रश्न निष्ठा कुणाशी हा आहे. मी हे विचारते तेव्हा लोक भांडत नाहीत, पानं उलटतात. मामांचाही अपमान होणार नाही, कारण आपण त्यांच्याच बायबलातली पुढची ओवी वाचतोय.

श्वापदाच्या ६६६ या आकड्याचंही घ्या. 'नेरोन कैसर', म्हणजे रोमी सम्राट नेरो, हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून अक्षरांची किंमत मांडली की ६६६ येतात, शेवटचा न काढला की ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखर ६१६ आहे. दिरांना आवडेल. पण त्यांना हेही सांगा की इरेनियसला ६१६ चा पाठ माहीत होता, त्याने काही नावं चाचपून पाहिली, त्यात नेरो नाही, आणि नाव घाईने ठरवू नये असंच त्याचं मत पडलं.

विषय पहिल्या शतकात संपला म्हणणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की लूक २१:२० मधलं सैन्यांनी वेढलेलं यरुशलेम इ.स. ७० मध्ये पडलं हे खरं, पण मरण नाहीसं होणं (प्रकटीकरण २१:४) अजून झालेलं नाही. घोरपडीतही नाही.

तिसरा प्रतिसाद

मी हिंदू, सदाशिव पेठ. १९:११ मधला पांढरा घोडा वाचून कल्की आठवला. आमच्याकडे कलियुग ४,३२,००० वर्षांचं, म्हणून आजोबा निवांत असायचे. तुमच्या मामांचा बाण काठावर आहे हीच अडचण दिसते. अवांतराबद्दल क्षमस्व.

चौथा प्रतिसाद

तुमच्या घरात चाललंय तेच तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये झालं होतं. मंडळीचा जुना इतिहासकार युसेबियस याने नोंद ठेवली आहे. नेपोस नावाचा बिशप हजार वर्षांचं राज्य अक्षरशः घडणार असं शिकवायचा, आणि रूपकाने वाचणाऱ्यांविरुद्ध त्याने ग्रंथही लिहिला. तो गेल्यावर आर्सिनोए भागात त्यावरून गावंच्या गावं फुटली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस उलट मताचा. त्याने पत्रक काढलं नाही की कुणाला बहिष्कृत केलं नाही. तो स्वतः तिथे गेला, गावोगावच्या मंडळीतल्या वडीलजनांना आणि शिक्षकांना बोलावलं आणि नेपोसचा ग्रंथ मध्ये ठेवून तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्याबरोबर बसला. शेवटी त्या पक्षाच्या पुढाऱ्यानेच सगळ्यांसमोर आपलं मत सोडलं.

मला यातलं आवडतं ते वेगळंच. नेपोसबद्दल लिहिताना डायोनिसियस आधी त्याच्या विश्वासाचं, त्याच्या शास्त्राभ्यासाचं आणि त्याने रचलेल्या गीतांचं कौतुक करतो. दिरांनी मामांबद्दल असं एक वाक्य आधी बोलून पाहावं. (दिरांनी, ताई. तुम्ही नाही. तुम्ही बोललात तर ती समजूत काढणं होईल.)

मुलाबद्दल : त्याला २:८-११ वाचून दाखवा, स्मुर्णाच्या मंडळीला लिहिलेलं. गरीब, छळलेली माणसं, त्यांना पहिलाच निरोप आहे भिऊ नका असा. हे पुस्तक घाबरलेल्यांना धीर द्यायला लिहिलं गेलं, मग शब्दशः वाचा नाहीतर प्रतीक म्हणून. मोतीचं उत्तर तेवढं तुम्हालाच द्यावं लागेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे आभार. पहिल्या प्रतिसादाचं प्रिंट काढून मामांना दिलं, खूश आहेत. 'बघ, पुण्यात शहाणी माणसं आहेत' म्हणाले. तारखांचा परिच्छेद वाचताना चष्मा पुसत होते, तो वाचला की नाही कळलं नाही.

असं ठरवलंय : पहिल्या शुक्रवारी १ ते ३, म्हणजे समया आणि पत्रं. दुसऱ्या शुक्रवारी १३ आणि १४, मध्ये न थांबता, आणि वाचायला मामाच. तिसऱ्या शुक्रवारी २०. तिथे मी मनन करणार नाही, तिन्ही मतं तीन जणांनी मांडायची. अट एवढीच की प्रत्येकाने आपलं सोडून दुसऱ्याचं मत मांडायचं. दिरांना मामांचं मत दिलंय आणि ते आत्तापासून कुरकुरताहेत. शेवटी २१ आणि २२.

टोळांचा नववा अध्याय यात बसत नाही, पण तो सोडला तर मामा म्हणतील मुद्दाम गाळला. तो दुसऱ्या शुक्रवारी १३ च्या आधी योएलबरोबर घ्यावा का? की एका संध्याकाळी तेवढं जास्त होईल? साडेआठला चहा ठेवावाच लागतो, काहींना शेवटची बस असते.