रस्त्याखाली जाणारे कोळशाचे खड्डे : उत्खनन किती करावे?

वाटसरू : आयर्लंडने पुरातत्त्वीय वारसा जपण्यासाठीच्या १९९२ च्या युरोपीय व्हॅलेटा कराराला १९९७ मध्ये मान्यता दिली आणि २००० मध्ये तेथील रस्ते प्राधिकरण व संबंधित मंत्री यांच्यात पुरातत्त्वविषयक कार्यसंहिता ठरली. तेव्हापासून महामार्गांच्या पट्ट्यांत चाचणी-चर खणताना आरंभीच्या मध्ययुगातले, कोळसा पाडण्याचे खड्डे वारंवार सापडले आहेत. वरची माती सोलून काढली की पिवळसर चिकणमातीत दीड-दोन मीटरचा काळा डाग दिसतो आणि त्याला भाजलेल्या मातीची लालसर किनार असते. भांडे, दागिना असे काही सहसा मिळत नाही. तरीही अशा प्रत्येक खड्ड्याचे पूर्ण उत्खनन व्हावे, असे माझे मत आहे, कारण एरवी त्यांच्या शोधात मुद्दाम कोणी गेले नसते आणि डांबर पडल्यावर कोणाला जाताही येणार नाही.

गणिती : असहमत. ओकची लाकडे रचायची, वर माती-गवताचा थर द्यायचा आणि जेमतेम हवा ठेवून ती धुमसू द्यायची, ही कृती पहिल्या दहा खड्ड्यांतच कळली. आपल्याकडच्या लोणारी कोळशाचे तत्त्वही हेच आहे. शिवाय कालमापनाचा भरवसा बेताचाच. ओक शेकडो वर्षे जगतो, त्यामुळे गाभ्यातला तुकडा कार्बन-१४ चाचणीला दिला तर झाड तोडल्याचा नव्हे, तर ते वलय वाढल्याचा काळ मिळतो आणि खड्डा शतकभराने जुना ठरू शकतो. अकराव्या खड्ड्यावर सरकारी पैसा का घालावा?

वाटसरू : आपण सांगितलेली अडचण खरी आहे, पण पूर्ण उत्खननाची बाजू मी तिच्याच आधारे मांडेन. अर्धा खड्डा कापून, चार मोठे तुकडे उचलून परतले तर गाभ्याचेच लाकूड हाती लागण्याची भीती असते. सगळी माती पाण्यात कालवून चाळली, तरच हेझल या ओकपेक्षा अल्पायुषी झुडपाची एखादी काटकी किंवा सालीलगतचा तुकडा मिळण्याची आशा असते. भिंगाखाली वलयांचा बाक पाहून लाकूड खोडाचे की फांदीचे याचाही अंदाज येतो, आणि खरी गंमत तिथे आहे. जुन्या आयरिश कायद्यात ओक पहिल्या दर्जाच्या वृक्षांत मोडत असे आणि तो बेकायदा तोडल्यास दंड होता. मग दलदलीतल्या धातुकापासून लोखंड काढणाऱ्या भट्ट्यांसाठी अख्खे ओक तोडले जात होते की नुसत्या फांद्या छाटल्या जात होत्या? दहा खड्डे हे एका परिसरापुरते सांगतील, त्या काळच्या शेजारच्या छोट्या राज्याबद्दल नाही.

सावली : उत्खनन म्हणजेच जतन, असे दोघांनीही धरून चाललेले दिसते. आयर्लंडच्याच एम-३ महामार्गावर लिस्मुलिन येथे २००७ मध्ये लोहयुगातले सुमारे ८० मीटर व्यासाचे खांबांचे वर्तुळ सापडले आणि त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. पुढे ते खणून काढले गेले आणि २०१० मध्ये त्यावरून वाहने धावू लागली. जिथे स्मारकाची ही गत, तिथे कोळशाच्या खड्ड्याचे नशीब म्हणजे कागदावरची नोंद.

गणिती : मग निदान ती नोंद तरी वाचण्याजोगी असावी. वाटसरूंचा चाळणीचा मुद्दा मला पटला, त्यामुळे संख्येचा आग्रह मी सोडतो. मात्र खोदाईच्या अंदाजपत्रकातच लाकूड ओळखण्याचा आणि अहवाल छापण्याचा खर्च आधी बांधून ठेवावा. तो नसेल तर गोदामातल्या मातीच्या पिशव्या आणि डांबराखालचा खड्डा यांत मला फारसा फरक दिसत नाही.